स्ट्रीमिंग कन्सोल: डब्याची किंमत आणि तासाचा दर

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महागडा गेमिंग कन्सोल घेण्याचे दिवस संपले, चार-पाच हजारांचा एक डबा टीव्हीला जोडला आणि इंटरनेट चांगले असले की कोणताही गेम घरबसल्या खेळता येतो, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. लेखातील तांत्रिक माहिती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्यात किंमत सांगितली आहे डब्याची आणि कौतुक केले आहे दुसऱ्याच यंत्राच्या कामाचे. मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत गेली बावीस वर्षे एक लहानसे मशीन शॉप चालवतो. स्वतःचे यंत्र घ्यावे की काम बाहेर जॉबवर्कला द्यावे हा प्रश्न आमच्यापुढे दर वर्षा-दोन वर्षांनी येतोच, आणि स्ट्रीमिंग कन्सोलचा प्रश्न मला मुळात तोच वाटतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

दिवाळीच्या सुटीत चंदगडहून आलेल्या माझ्या भाच्याने आमच्या टीव्हीमागचा असाच एक डबा काढून उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, “मामा, ह्यात पंखासुद्धा नाही की हो! मग एवढा मोठा गेम चालतोय कुठं?” प्रश्न अगदी नेमका होता. तो डबा तळहाताएवढा, तासभर चालल्यावरही हाताला जेमतेम कोमट लागणारा; वरच्या खोलीतल्या मुलाच्या संगणकाचे तिन्ही पंखे मात्र त्या वेळी घोंघावत होते. गेम तिथे चालत होता, चित्र तिथे तयार होत होते, आणि सेकंदाला साठ या वेगाने ती चित्रे आकुंचित होऊन खाली येत होती. डब्याचे काम एवढेच, की आलेले चित्र उलगडून पडद्यावर टाकायचे आणि खेळणाऱ्याने दाबलेली कळ वर कळवायची. वरच्या खोलीच्या जागी मुंबईतले डेटा सेंटर कल्पिले, की लेखात वर्णन केलेली सेवा तयार होते. तेव्हा डबा स्वस्त असणे यात कौतुक काही नाही. जो कारागीर काम दुसऱ्याकडून करून घेतो त्याच्या स्वतःच्या खोलीचे भाडे कमीच असते.

एनव्हिडिया ही ग्राफिक्स चिप, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारी चिप, बनवणारी कंपनी या डब्यांच्या धंद्यात का उतरली, हे समजल्याशिवाय त्यांची किंमत समजत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये एनव्हिडियाची चिप होती आणि तिच्या दरावरून दोघांचा वाद लवादापर्यंत गेला. मायक्रोसॉफ्टने पुढच्या कन्सोलसाठी एटीआय या दुसऱ्या कंपनीची चिप घेतली. २००६ मध्ये एटीआय ही कंपनी एएमडी या चिप कंपनीने विकत घेतली. सोनीच्या २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये पुन्हा एनव्हिडिया होती, परंतु २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत एएमडीच आली. मिळणाऱ्या पैशाच्या मानाने त्या कामात गुंतणारी माणसे आणि वेळ परवडत नाही, असे एनव्हिडियाच्या बाजूने त्या वेळी सांगितले गेले. कन्सोलच्या धंद्याची रीत अशी, की यंत्र तोट्यात किंवा जेमतेम खर्चात विकायचे आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण तीस टक्के वाटा घेऊन तो तोटा भरून काढायचा. चिप पुरवणाऱ्याला त्या तीस टक्क्यांतले काहीच मिळत नाही. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या उद्यमबागेतल्या माणसाला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग त्याच कंपनीने स्वतःचा माल बाजारात आणला. जुलै २०१३ मध्ये २९९ डॉलरला ‘शील्ड’ हे हातात धरायचे यंत्र आले. ते घरातल्या संगणकावरचा गेम बिनतारी मार्गाने आपल्या पाच इंची पडद्यावर दाखवत असे. मे २०१५ मध्ये टीव्हीला जोडण्याचा शील्ड १९९ डॉलरला आला. त्यातील टेग्रा एक्स१ या चिपची जाहिरात ‘एक टेराफ्लॉप’ (सेकंदाला एक लाख कोटी गणिते) अशी झाली होती, पण तो आकडा निम्म्या अचूकतेच्या, म्हणजे कमी अंकांत उरकलेल्या, गणिताचा होता. नेहमीच्या मोजमापाने तो सुमारे अर्धा टेराफ्लॉप भरतो, आणि त्या वेळचा प्लेस्टेशन ४ होता १.८४ टेराफ्लॉपचा. म्हणजे स्वतःच्या बळावर हा डबा कन्सोलच्या एक तृतीयांशही नव्हता, आणि म्हणूनच स्ट्रीमिंग ही त्याची गरज होती. गंमत अशी, की हीच चिप मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या स्विचमध्ये बसली आणि ते यंत्र आजवर १५ कोटींहून अधिक विकले गेले आहे. चिप तीच, फरक एवढाच की निन्टेन्डोकडे स्वतःचे गेम होते. एका बाबतीत मात्र एनव्हिडियाला दाद दिली पाहिजे: २०१५ साली विकलेल्या डब्याला २०२२ मध्ये अँड्रॉइड ११ देणारी दुसरी कंपनी मला ठाऊक नाही. पण त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये घरच्या संगणकावरून गेम ओढून आणण्याची, म्हणजे ज्यासाठी मूळ शील्ड जन्मला तीच, सोय काढून घेतली. आज ते काम सनशाइन आणि मूनलाइट या विनामूल्य, खुल्या प्रणालींवर चालते. आमच्या घरीही तेच आहे.

आता तासाच्या दराकडे येतो. आमच्याकडे व्हीएमसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारे) यंत्र घेताना त्याची किंमत, घसारा, वीज, माणसाचा पगार हे सगळे धरून त्याचा तासाचा दर काढतात, आणि त्या दराचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा असतो: यंत्र महिन्यातले किती तास खरोखर चालते. तीन पाळ्या चालले तर ते स्वस्तात काम देते, एकच पाळी चालले तर बँकेचा हप्ताच कामाच्या अंगावर येतो. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या, दूरच्या यंत्रावर गेम चालवून देणाऱ्या भाड्याच्या सेवेचा सर्वांत वरचा वर्ग जानेवारी २०२३ मध्ये आरटीएक्स ४०८० या ग्राफिक्स कार्डाच्या ताकदीवर सुरू झाला तेव्हा त्याचे भाडे महिन्याला १९.९९ डॉलर होते. याच नावाचे कार्ड नोव्हेंबर २०२२ मध्ये १,१९९ डॉलरला बाजारात आले होते. भागाकार करून पाहिला तर साठ महिन्यांचे, म्हणजे बरोबर पाच वर्षांचे भाडे नुसत्या कार्डाच्या किमतीइतके होते; संगणकाचा बाकीचा सांगाडा आणि वीज वेगळी. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल, आणि लेखकाचे म्हणणे इथपर्यंत मला मान्य आहे.

परंतु भाड्याने देणाऱ्याच्या बाजूने पाहिले की अडचण दिसते. महिन्याला सुमारे ७२० तास असतात. एकेक ग्राहक शंभर तास खेळतो असे धरले तर कागदावर एका यंत्रावर सात ग्राहक बसतात. प्रत्यक्षात ते सातही जण रात्री आठ ते अकराच्या दरम्यानच खेळायला बसतात. वीज मंडळाला जसा संध्याकाळचा भार धरून संच उभारावे लागतात, तसेच इथे. यावर कोणीही म्हणेल, की आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत सकाळ असते, तिथली रिकामी यंत्रे आपल्याला द्यावीत. ते जमत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पश्चिम किनारा आपल्यापासून तेरा-चौदा हजार किलोमीटर दूर धरला तर जाण्या-येण्यातच किमान १३० ते १४० मिलिसेकंद खर्च होतात, आणि प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे त्याहून बरेच जास्त. उशीर चालत नाही म्हणून यंत्र जवळच हवे, यंत्र जवळ हवे म्हणून सगळ्यांची संध्याकाळ एकच, आणि संध्याकाळ एकच म्हणून यंत्र दिवसभर रिकामे. दिवसा ते दुसऱ्या कामाला जुंपता येते हे खरे, पण भाडे वसूल व्हायचे ते खेळणाऱ्यांकडूनच. या धंद्यातले अर्थकारण आणि कामगिरी ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. आपल्या लेखात ती दोन स्वतंत्र परिच्छेदांत आली, आणि माझ्या मते तिथेच लेखाची गफलत झाली.

जीफोर्स नाऊच्या अटी पाहिल्या की हीच दोरी दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली तेव्हा फुकट खेळणाऱ्याला एका वेळी एक तासच मिळे आणि त्यासाठीही रांगेत थांबावे लागे. पैसे भरणाऱ्याला महिन्याला ४.९९ डॉलर होते. मार्च २०२१ मध्ये नव्या ग्राहकांसाठी तो दर ९.९९ डॉलर झाला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये पैसे भरणाऱ्यांनाही महिन्याला शंभर तासांची मर्यादा जाहीर झाली. दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची डेटा सेंटरना विकलेल्या मालातून झालेली विक्री ११५ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि गेमिंगची सुमारे ११ अब्ज डॉलरवर राहिली. ज्या कारखान्यात तीन पाळ्यांचे काम दारात उभे आहे तो फक्त संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी यंत्र किती दिवस राखून ठेवील, याचा विचार ज्याने त्याने करावा. जानेवारी २०२५ मध्येच कंपनीने ही सेवा भारतात आणण्याचेही जाहीर केले. तिचे स्वागतच आहे. भाडे रुपयांत किती, यापेक्षा रात्री नऊ वाजता रांग किती, हे मी आधी विचारीन.

उशीर म्हणजे नक्की किती, हे मी घरी मोजून पाहिले. पद्धत सोपी आहे, कोणालाही करता येईल. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा संथगती कॅमेरा असतो. बोट आणि पडदा दोन्ही चौकटीत येतील असा मोबाइल एका डब्याला टेकवून उभा केला, गेममध्ये उडीची कळ दाबली, आणि कळ खाली जाण्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत किती चित्रे जातात ती एकेक करून मोजली. एक चित्र म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. वरच्या खोलीत संगणकासमोरच बसून खेळताना तेरा चित्रे गेली, म्हणजे सुमारे ५४ मिलिसेकंद. खाली डबा लॅन केबलने जोडला तेव्हा एकवीस. तोच डबा वायफायवर टाकला तर कधी चोवीस, कधी पन्नास. आणि हे कधी-कधीच जास्त त्रास देते, कारण ठरावीक उशिराची बोटांना सवय होते, बदलत्या उशिराची होत नाही. मुंबईतून चालणाऱ्या एका सेवेवर दुपारी बत्तीस चित्रे भरली, रात्री नऊनंतर पंचेचाळीसच्या पुढे. सगळ्यांत आश्चर्य टीव्हीचे वाटले: त्यातला ‘गेम मोड’ (चित्रावरची जास्तीची प्रक्रिया टाळणारी सोय) बंद असताना कोणत्याही जोडणीत सोळा चित्रांची भर पडत होती. म्हणजे मुंबईहून येणाऱ्या उशिरापेक्षा फार कमी नाही एवढा उशीर आमच्याच दिवाणखान्यात बसला होता, तोही एका बटणापायी.

शंभर मिलिसेकंद म्हणजे कितीसे, असे वाटणाऱ्यांनी क्रिकेटचा गेम खेळून पाहावा. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू तेवढ्या वेळात जवळपास चार मीटर पुढे येतो. बुद्धिबळ, शेती, शहर वसवण्याचे खेळ यांत मात्र हा फरक मुळीच जाणवत नाही, आणि ज्यांना तेच खेळायचे आहेत त्यांनी माझ्या पत्राने घाबरून जाण्याचे कारण नाही.

यात आपल्या सीमाभागाची म्हणून एक वेगळी बाजू आहे. बेळगावपासून मुंबई आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे रस्त्याने साधारण पाचशे-पाचशे किलोमीटर. तंतूच्या हिशोबाने पाचशे किलोमीटर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. म्हणजे अंतरामुळे आपण मागे पडावे असे काही नाही. पण माहिती नकाशा पाहून प्रवास करत नाही, कंपनीने घातलेल्या वाटेने जाते. बेळगाव दूरसंचाराच्या कर्नाटक मंडळात येते, आणि माझ्या जोडणीची वाट तपासली तेव्हा मुंबईच्या सर्व्हरकडे निघालेली माहिती आधी बेंगळुरूला जाऊन मग मुंबईकडे वळत होती. भाच्याला चंदगडला त्याच्या घरून तीच तपासणी करायला सांगितली. इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, पण महाराष्ट्रात. त्याची माहिती पुण्यावरून थेट मुंबईला गेली आणि उत्तर यायला १७ मिलिसेकंद लागले, आमच्याकडे ३८. सरकारी कागद कोणत्या भाषेत मिळावा यासाठी इथे इतकी वर्षे झगडणाऱ्या माणसाने आपल्या मुलाची व्हिडिओ गेममधली उडीही आधी राजधानीला हजेरी लावून येते हे पाहून हसावे की काय करावे, ते मला कळेना. अर्थात उद्या सेवा देणाऱ्याने यंत्रे बेंगळुरूला ठेवली तर हा हिशोब उलटा होईल आणि भाचा माझ्याकडे तक्रार घेऊन येईल.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांपुढे प्रश्न याहून साधा आहे. पावसाळ्यात झाड पडले की खांबावरून आलेली केबल तुटते, आणि मग उरतो मोबाइलचा डेटा. सेकंदाला साठ चित्रांच्या १०८० रेषांच्या चित्रासाठी जीफोर्स नाऊ २५ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिटची, मागणी करते. तासाला सव्वाअकरा जीबी झाले. दिवसाला दोन जीबी देणाऱ्या पॅकमध्ये हा खेळ अकरा मिनिटेसुद्धा चालत नाही. कन्सोल मात्र वीज असली की चालतो.

शेवटचा मुद्दा मालकीचा. ऑनलाइव्ह या कंपनीने २०१० मध्ये असाच डबा ९९ डॉलरला काढला होता. एप्रिल २०१५ मध्ये सेवा बंद झाली आणि लोकांनी तिच्याकडून विकत घेतलेले गेमही तिच्याबरोबर गेले. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. तिने गेमचे आणि यंत्राचे पैसे परत केले, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. जीफोर्स नाऊची तऱ्हा निराळी आहे: गेम तुम्ही स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातून घेता, ही सेवा फक्त यंत्र भाड्याने देते, म्हणून सेवा बंद झाली तरी गेम तुमच्या खात्यावर राहतो. मला ही व्यवस्था सर्वांत प्रामाणिक वाटते. मात्र त्यातही २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड, बेथेस्डा आणि टू-के या प्रकाशकांनी आपले बरेच गेम त्या सेवेवरून काढून घेतले. ग्राहकाचा गेम ग्राहकाकडेच, यंत्रही भाड्याने घेतलेले, तरी त्या यंत्रावर तो चालवायचा की नाही हे तिसराच ठरवतो. आमच्याकडे ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, लोखंड गिऱ्हाइकाचे, आणि यंत्र कोणाचे वापरायचे याला पोलाद विकणाऱ्याने हरकत घ्यावी, असा हा प्रकार आहे.

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी त्याची किंमत पाच हजारांनी वाढली, त्यामुळे स्वस्त पर्याय शोधणाऱ्या पालकांना मी नावे ठेवणार नाही, मीही त्यांच्यातलाच. माझी विनंती एवढीच, की पुरवणीत असा लेख पुन्हा येईल तेव्हा डब्याच्या किमतीबरोबर महिन्याचे भाडे, तासांची मर्यादा, तासाला लागणारा डेटा आणि शक्य झाल्यास बेळगाव, निपाणी, खानापूर येथून रात्री नऊ वाजता प्रत्यक्ष मोजलेला उशीर छापावा. मोजण्यासाठी लागतो तो मोबाइल आपल्या प्रत्येक वार्ताहराच्या खिशात आहेच.

आमच्या घरापुरते म्हणाल तर भाच्याने आणि मी मिळून जिन्याच्या कोपऱ्याला भोक पाडून पंधरा मीटर लॅन केबल खाली आणली आणि टीव्हीचा गेम मोड चालू केला. भाड्याची सेवा तूर्त घेतलेली नाही.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक लघुउद्योजक, उद्यमबाग, बेळगाव